मोडीच्या ढिगाशेजारचं स्टूल

अमळनेर

आदरणीय जिभाऊ,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण बंद पाकीट तुम्ही उघडत नाही. मागच्या दिवाळीत पाठवलेलं पाकीट, आत पैसे असतील या संशयाने, तुम्ही तसंच परत धाडलंत. आत फोटो होता, तुमच्या दुकानाचा. हे मात्र नातवाच्या मोबाइलवर येईल, तो मोठ्याने वाचेल आणि "हाई पोरनी काय लिखं" असं पुटपुटत का होईना, तुम्ही शेवटपर्यंत ऐकाल.

दुसरं कारण असं, की प्रदर्शनात माझ्या जुन्या वस्तूंच्या स्टॉलवर रोज कोणीतरी विचारतंच, "हे सगळं कुठे शिकलात?" मी म्हणते, अमळनेरला, एका कासाराच्या दुकानात, मोडीच्या ढिगाशेजारी. लोक हसतात. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मोड म्हणजे काय ते शहरात कोणाला आठवत नाही. जुनं पितळ वजनावर द्यायचं आणि आलेल्या पैशांत स्टीलचे डबे घ्यायचे, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांनाच त्याचा आवाज ठाऊक असतो. पारड्यात घागर आदळल्याचा.

मीही तोच आवाज काढायला आले होते. २०१४ सालचा मार्च. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, माळा आवरायला काढला होता. दोन घागरी, एक घंगाळ, कड्यांची परात आणि बूड गेलेला बंब रिक्षात घालून तुमच्याकडे आणला. तुम्ही बंब बाजूला केलात, परात बाजूला केलीत, एक घागर उचललीत, पंच्याने तिचा गळा पुसलात आणि थांबलात.

"हाई अक्षर मना बापनं शे."

गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. सासूबाईंच्या आईचं नाव, खाली गाव, खाली १९५३. पंधरा वर्षं ती घागर माझ्या डोळ्यांसमोर होती, एकदाही वाचली नव्हती. मग तुम्ही सांगितलंत, की तेव्हा नाव घालायचं मशीन नव्हतं. वडील छिन्नीचं टोक धरून हलक्या हातोडीने एकेक ठिपका पाडायचे आणि त्यांची दीर्घ वेलांटी नेहमी जरा जास्तच मागे जायची. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात तुमचं दुकान लागायचं, लग्नसराईची आंदणाची भांडी नावासाठी रांगेत असायची, आणि रात्री वडिलांना भाकरी मोडवत नसे, इतकी बोटं आखडलेली असायची.

ती घागर तुम्ही तोलली नाहीत. बाकीचं तोललंत, पैसे चोख मोजलेत. घागरीबद्दल एवढंच म्हणालात, "घर ली जाय."

मी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आले, रिकाम्या हाताने. स्टूल तुम्ही पायानेच पुढे सरकवलंत.

तुमची शिकवायची रीत फार त्रासाची होती, हे आता सांगून टाकते. हातात एखादी वस्तू द्यायची आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचं. अर्ध्या तासाने विचारायचं, "काय दिसनं?" मी नक्षीबद्दल बोलले की तुम्ही ती वस्तू काढून घ्यायचात. नक्षी कोणालाही दिसते. आत बोट घाल, असं म्हणायचात. बोट घातलं की ठोकून घडवलेल्या जुन्या घागरीला आतून दातेरी सांधा लागतो, वेगवेगळे ठोकलेले भाग एकमेकांत बसवून झाळलेले. मशीनवर दाबून काढलेलं भांडं आतून गुळगुळीत. मग झीज. काठ, कडीची जागा, बूड, म्हणजे जिथे हात, दोर आणि जमीन लागते तिथेच भांडं झिजतं. खोबणी झिजलेली आणि काठ कोरा असेल, तर ती झीज कोणीतरी बसून केलेली आहे. आत कल्हईचे थर दिसले तर स्वयंपाकाचं, नाहीतर बहुधा पाण्याचं. पहिल्या वर्षी मी मिळालेली सगळी भांडी चिंच-मीठ लावून आरशासारखी केली होती. तुम्ही एकेक हातात घेतलंत आणि म्हणालात, आता ही कालची झाली.

कागदातलं तुम्हाला कळत नव्हतं, आणि ते तुम्ही लगेच सांगितलंत. शेजारच्या घड्याळजीकडे पाठवून त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मला घेऊन दिलंत. त्या भिंगाने माझं निम्मं दुकान चालतं. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्या काळी दगडावरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीत भिंगाखाली रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं मारल्यासारखे दिसतात. आजच्या ऑफसेटच्या नकलेत तेच ठिपके जाळीसारखे शिस्तीत उभे. खान्देशातल्या घरांत मिळालेल्या काही चित्रांवर बायकांनी देवीच्या पदराला खरी जर आणि टिकल्या लावलेल्या असतात. व्यापारी ते खरवडून काढतात. मी तशीच ठेवते, आणि माझ्या मते त्याच चित्रांना जास्त किंमत यायला हवी. येत नाही, हा भाग वेगळा.

आता लामणदिव्याचं. हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगते.

२०१७ सालची गोष्ट. एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवाल्याकडून मी दोन लामणदिवे घेतले. वर मोर, साखळीवर हिरवट चढलेलं, सांध्यांत माती. मी पेशवेकालीन असं लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि पुण्यात एक दिवा ४,२०० रुपयांना विकला. दुसरा मिरवत तुमच्याकडे आणला. तुम्ही मोराकडे पाहिलंच नाहीत. साखळीची एक कडी दुसरीवरून सरकवलीत आणि मला म्हणालात, भिंग लाव. जी साखळी शंभर वर्षं टांगलेली आहे, झोके खाते आहे, तिच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे खळगी पडलेली असते. इथे तार कोरी होती, सगळीकडे सारख्या जाडीची. मग दिवा सोड्याच्या गरम पाण्यात घातलात. हिरवं सगळं पाण्यात उतरलं.

"कोणले इकं?"

मी म्हणाले, पुण्याच्या बाई होत्या, आता कुठे सापडणार. तुम्ही माझं बिलबुक मागितलंत. त्यात नंबर होता. तुमच्या दुकानातूनच, तुमच्यासमोर मी फोन केला. दिवा नवा आहे, पैसे परत करते, असं सांगितलं. बाई संतापल्या. त्यांनी तो दिवा मुलीच्या नव्या घरात लावला होता आणि चार लोकांना पेशवेकालीन म्हणून दाखवला होता. पैसे घेतले, दिवा कुरिअरने परत पाठवला, पुन्हा कधी माझ्या स्टॉलवर आल्या नाहीत. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. चहा सांगितलात आणि दोघांचे पैसे मला द्यायला लावलेत.

त्यानंतर माझ्याकडे तीनच तऱ्हेच्या चिठ्ठ्या असतात: 'नवं'; 'जुनं, घर माहीत आहे'; 'जुनं, घर माहीत नाही'. तिसरी चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक वस्तू खाली ठेवतं, हे रोज बघते. शेजारच्या स्टॉलवर तशीच वस्तू राजघराण्यातली म्हणून जाते. कंपनी सरकारचं रामदरबाराचं नाणं म्हणून १८१८ साल घातलेले तांब्याचे बिल्ले हजारोंना खपताना मी पाहिलेत. कंपनीने असलं नाणं पाडलेलंच नाही. अशा वेळी तुमचा राग येतो जिभाऊ, खोटं कशाला बोलू.

कायद्याचंही तुमच्याकडूनच कळलं. वर्तमानपत्राचं ते पिवळं कात्रण तुम्ही गल्ल्यात का जपून ठेवलं होतं, देव जाणे. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा: शंभर वर्षं झालेल्या कलेच्या, कारागिरीच्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, त्या देशाबाहेर खाजगी माणसाला नेता येत नाहीत, आणि हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. मला वाटत होतं, हे मूर्तींपुरतं असेल. एका गिऱ्हाइकाने परदेशी पाठवायला चाळीस जुन्या वस्तू मागितल्या होत्या आणि मी याद्या करत बसले होते. त्या याद्या चुलीत गेल्या.

तेव्हापासून नाव घातलेली भांडी मी साल बघून घेते. १९५३ चालतं, १९३८ चालतं. दर जानेवारीत वही काढून बसते आणि यंदा कोणाची शंभरी भरली ते बघते. ज्याची भरली ते विक्रीतून बाहेर, घरच्या कपाटात. नवरा म्हणतो, आपल्याकडे भांडी निवृत्त होतात.

पोथ्या तर मी घेतच नाही. पारोळ्याकडच्या एका वाड्यात रामदासी पोथ्यांचं गाठोडं निघालं, तेव्हा तुम्ही त्या घरच्यांना सरळ धुळ्याचा रस्ता दाखवलात, जुनी हस्तलिखितं जपणाऱ्या समर्थ वाग्देवता मंदिराचा. दुसऱ्या एका घरचे जुने कागद राजवाडे संशोधन मंडळात गेले. माझं कमिशन बुडालं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर दप्तरं शोधत गावं पालथी घातली आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला, त्या खान्देशात आपण कागद विकायचे का, असं तुम्ही विचारलंत, त्यावर काय बोलणार?

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला पाठवलंत, तेही याच रांगेत. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी काढलेले फोटो पाहिले आणि माझा स्टॉल मी परत आल्यावर निम्मा रिकामा केला. दहा घागरींच्या जागी एक ठेवली की लोक तिच्यावरचं नाव वाचतात.

सगळ्यात मोठं देणं कानबाईच्या, आपल्या खान्देशच्या देवीच्या, मुखवट्याचं आहे.

एक कुटुंब गाव सोडून सुरतेला चाललं होतं. असं आपल्याकडे दर महिन्याला कोणीतरी जातंच. सागवानी चौकट, पायली-आधोलीची मापं, पाटा-वरवंटा, सगळं काढलं होतं, आणि त्यातच पितळी मुखवटा. नाक झिजून सपाट झालेलं, कपाळावर कुंकवाचे थर. त्यांनी आठशे रुपये सांगितले. मुंबईच्या एका संग्राहकाने फोटो बघूनच पंधरा हजार कबूल केले. मी आठशे देऊन घेतला आणि तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही हातात घेतला नाहीत, जोडे काढलेत. घेऊ नको म्हणाला नाहीत, विकू नकोही म्हणाला नाहीत.

"श्रावणमा त्या नारळले काय लावतीन?"

नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळावर हा मुखवटा चढतो, रात्रभर गाणी, सोमवारी नारळ नदीवर जातो, मुखवटा घरी येतो. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरी दुकानात उभी असताना मला फक्त झिजलेलं नाक दिसत होतं, अस्सल झीज. दुसऱ्या दिवशी त्याच गावी गेले. धाकटा भाऊ गावातच होता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मुखवटा त्याच्या हातात दिला. तो आठशे रुपये आणायला घरात गेला, तेवढ्यात मी निघून आले. पुढच्या श्रावणात मुद्दाम गेले. नैवेद्याचे रोट भाऊबंदकीतच खातात, त्यामुळे पानावर बोलावणं नव्हतं. ओट्यावर बसून गाणी ऐकली.

तो प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. नंदुरबारकडे काठी गावच्या आदिवासी होळीला गेले, तर पहाटे एक तरुण कमरेचा घुंगरांचा आणि वाळक्या भोपळ्यांचा पट्टा सोडून विकायला तयार. अंगावरचे राखेचे ठिपके अजून ओले होते. पुढच्या होळीला हा काय बांधेल, असं मनात आलं आणि पाकीट आत ठेवलं. त्याच्या घरून बांबूच्या टोपल्या घेतल्या, नव्या, 'नवं' अशी चिठ्ठी लावून विकल्या. छान गेल्या. सारंगखेड्याच्या यात्रेतूनही आता मी घोड्याचा जुना साज शोधत नाही, कारागिराकडून नवीन घुंगुरमाळा घेते.

एक गोष्ट मात्र तुमच्याशी भांडायची राहिलीय. त्या स्टुलावर बसून मी किती सुंदर भांडी तुमच्या हातून भट्टीला जाताना पाहिली! एकदा एक ताटली मी ढिगातून ओढून काढली, तर तुम्ही म्हणालात, "मोडना भाव देस का?" मी दिला. बाकीची पोती ट्रकमध्ये गेली. तुमच्या वडिलांच्या अक्षरातली नावंही त्यात असणार. तुम्हाला ते माहीत होतं आणि तरी तुम्ही ती तोललीत, कारण मागे घर होतं, दोन मुली होत्या. यावर मी कधी बोलले नाही. आजही काय बोलावं ते सुचत नाही.

दुकान या पाडव्याला बंद करताय असं कळलं. तराजू कोणाला देऊ नका, मी घेईन, मोडीच्या भावाने नाही. वडिलांची छिन्नी मागत नाही, ती नातवाकडेच राहू दे.

आणि पुढच्या बाजारच्या दिवशी घरीच थांबा. चोपड्याकडून एक हंडा आलाय. गळ्यावरचं नाव अर्धं झिजलंय, साल दिसत नाही, गावाचं पहिलं अक्षर 'धा' आहे की 'घा', यावर मी आणि भिंग दोन दिवस अडलोय. दीर्घ वेलांटी जरा जास्तच मागे गेलीय असं वाटतं. बघून सांगा. चहा मी घेऊन येते, बिनसाखरेचा.

तुमची,
स्टुलावरची पोर