सूचना : रात्रीचे खोटे अलर्ट कमी करण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

पावसाळा तोंडावर आहे. वारा सुटला की लाईन जाते, राऊटर बंद पडतो आणि ग्रुपवर अलर्टचा भडिमार सुरू होतो. सर्व्हर बिचारे इन्व्हर्टरवर चालूच असतात.

तेव्हा प्रोमिथियसमधले (मशीनवर नजर ठेवणाऱ्या आपल्या प्रोग्राममधले) अलर्टचे आपापले नियम रविवारपर्यंत तपासून घ्या. मशीन बंद असल्याच्या नियमात ‘फॉर’ (अलर्टआधी किती वेळ थांबायचं ती ओळ) नसेल, तर एक तपासणी हुकली तरी बोंब उठते. तिथे ५ मिनिटं टाका. अट तेवढा वेळ सलग खरी राहिली तरच अलर्ट सुटतो, तोवर पेंडिंगमध्ये थांबतो. मात्र कटकट नको म्हणून अर्धा तास टाकून मोकळे होऊ नका. सीपीयू ९० टक्के झाला म्हणून तर कुणाला झोपेतून उठवूच नये. बॅकअप चालू असताना तो होणारच.

राऊटर बंद असेल तेव्हा त्यामागच्या मशीनचे अलर्ट अलर्टमॅनेजरच्या (अलर्ट ग्रुपवर पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या) इनहिबिट नियमाने दाबा; एक अलर्ट चालू असताना दुसरा रोखणारा हा नियम. त्यात ‘इक्वल’मध्ये (दोन्ही अलर्टमध्ये सारखी हवीत अशा लेबलांच्या यादीत) गावाचं लेबल हवंच, नाहीतर वरुडचा राऊटर पडला म्हणून मोर्शीचा खरा अलर्टही गडप होईल.

प्रोमिथियसच्या नियमांची फाईल प्रोमटूलने आणि अलर्टमॅनेजरची अ‍ॅमटूलने (चुका शोधणारी त्यांची सोबतची टूल्स) तपासूनच रीलोड करा. आणि ज्यांनी वैतागून ग्रुप म्यूट केलाय, त्यांनी सोमवारपासून तो सुरू करावा ही विनंती.