फोटो काढा, पण पिटमध्येही उतरा

महोदय,

जुन्या सिटी बसचे फोटो हल्ली खूप दिसतात. मलाही आवडतात, पण जो तो बसचं तोंडच टिपतो. मी गॅरेजात मेकॅनिक होतो. आम्हाला बस ठाऊक ती खालून. इन्स्पेक्शन पिटमध्ये, म्हणजे बस खालून तपासायच्या खड्ड्यात, डोक्यावर डिफरन्शियल (मागची चाकं फिरवणारी गिअरपेटी), हातात ग्रीस गन, कोपरापर्यंत काळं. त्याचा फोटो कुणाकडे आहे?

लंडनची रूटमास्टर ही डबलडेकर बस ९ डिसेंबर २००५ रोजी नेहमीच्या मार्गांवरून निवृत्त झाली, तेव्हा कॅमेऱ्यांची झुंबड उडाली. पण त्याच शहरातलं स्टॉकवेल गॅरेज बघा. पोलादाची टंचाई, म्हणून काँक्रीटच्या कमानींवर तोललेलं छप्पर. १९५२ साली सुरू झालं, आणि मधे एकही खांब नाही. खांब नसण्याचं सुख रात्री बस रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरला विचारा!

तेव्हा फोटोवाल्यांनो, परवानगी काढून आत या. मार्गाच्या पाटीचा कापडी रोल, झिजून गुळगुळीत झालेलं क्लच पेडल, भिंतीवरचा ड्युटी चार्ट टिपा. आणि फोटोमागे गाडीचा नंबर, मार्ग, तारीख लिहा. नुसतं ‘ते जुने दिवस’ लिहून कुणाला काय कळणार?

– एक निवृत्त मेकॅनिक