वजडी-रक्तीचंही वजन करा

महोदय,

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बरीच वर्षं भूम-परंड्याच्या गोठ्यांत गेली. दूध-मांसाचं उत्पादन काढायच्या सरकारी नमुना सर्वेक्षणासाठी सकाळ-संध्याकाळ तानकाट्याला बादली अडकवून दूध मोजायचं काम मी मन लावून केलं. त्यामुळे २०२३-२४ मध्ये देशात माणशी रोज ४७१ ग्रॅम दूध निघालं, हे वाचलं की माझा त्यावर विश्वास बसतो. ताक-तूप वेगळं मोजायला नको, ते त्या दुधातच आलं.

मांसाचं तसं नाही. त्याच वर्षीचा सुमारे १०२ लाख टनांचा आकडा काढताना कापलेल्या जनावरांची संख्या आणि सोललेल्या धडाचं सरासरी वजन यांचा गुणाकार करतात. मुंडी, पाय, कातडं आणि पोटातलं काढल्यावर उरतं ते धड.

नोकरीत असताना एका आठवडे बाजारात ओळखीच्या खाटिकाकडे बसून मी एक उस्मानाबादी बोकड पहिल्यापासून शेवटपर्यंत तोलला. जिवंत २८ किलो. धड १३ किलो भरलं, तेवढंच माझ्या तक्त्यात गेलं. मग उरलेलं तोललं. मुंडी आणि चार पाय अडीच किलो, काळीज-फुप्फुस-गुर्दे सव्वा किलो, धुतलेली वजडी (म्हणजे जठर) आणि आतडी दीड किलो आणि रक्ती, म्हणजे पातेल्यात धरलेलं रक्त, एक किलो. म्हणजे सव्वासहा किलो खाणं, धडाच्या जवळपास निम्मं! मुंडी-पायांत हाडं असतात हे खरं, पण ती मटणातही असतातच.

दुपारपर्यंत यातलं काहीच उरलं नाही. शेतमजुरी करणारी एक बाई स्टीलचा डबा घेऊन वजडी आणि रक्ती न्यायला आली होती. "मटान सणाला, दादा. पोरांला बाजाराच्या दिशी हेच," ती म्हणाली. घरी गेल्यावर ती वजडी गरम पाण्यात घालून, खरवडून पांढरी होईपर्यंत धुणार, बारीक चिरून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवणार आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर पाच माणसं जेवणार. त्या पाच ताटांची नोंद माझ्या कागदावर कुठेच नव्हती, आणि ते मला आजही लागून राहिलं आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मुंडी-पाय, चरबी वगैरेंची किंमत रुपयांत धरतात, हे मला ठाऊक आहे. पण रुपयांवरून कोणाच्या पोटात किती लोह गेलं ते कळत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शरीराला सहज लागू पडणारं लोह काळजात आणि रक्तीत भरपूर असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत बोकडाच्या काळजाची, वजडीची पोषणमूल्यं दिलेली आहेत. म्हणजे कशात काय असतं हे माहीत आहे, किती खाल्लं जातं तेवढं मोजायचं राहिलं.

नमुना सर्वेक्षणाच्या उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही फेऱ्यांत प्रत्येक जिल्ह्यातल्या मटणाच्या थोड्या दुकानांवर मुंडी-पाय, काळीज-फुप्फुस-गुर्दे, वजडी-आतडी आणि रक्ती या चार गोष्टींचं वजन करावं. किती विकलं, किती घरी नेलं, किती फेकलं तेही लिहावं. ही मोजणी झाली, तर आज नाल्याकाठी धुतल्या जाणाऱ्या वजडीसाठी स्वच्छ पाणी आणि ओटा मागायलाही आधार मिळेल. नव्या मुलांना वजन कसं घ्यायचं ते दाखवायला मी स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहे.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परंडा, जि. धाराशिव