अननसाला आढी नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे घरोघरी अननसाचे दोन प्रकारे नुकसान होते. अख्खे फळ आंब्यासारखे ‘पिकायला’ म्हणून कोपऱ्यात ठेवले जाते आणि बुडाशी सडते. दुसरे म्हणजे, शिऱ्यासाठी किंवा केकसाठी फोडलेला हवाबंद डबा निम्मा वापरून, झाकण तसेच वाकवून फ्रिजमध्ये ढकलला जातो. दोन्ही गोष्टी सहज टाळता येतात, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आंबा, केळी, चिकू झाडावरून उतरवल्यावरही गोड होतात, कारण त्यांच्या गरात पिष्टाचा साठा असतो आणि आढीत त्याची साखर होते. अननसात असा साठा नसतो. फळ झाडाला असेपर्यंत जेवढी साखर आली, तेवढीच. पुढे साल पिवळी होईल, गर मऊ पडेल, वास वाढेल. गोडी मात्र वाढणार नाही. वाशीच्या फळबाजारात येणारा अननस बहुतांश केरळचा. त्यातल्या वाझाकुलमच्या अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लांबच्या प्रवासासाठी फळ हिरवटच काढावे लागते. म्हणून गोडी घरी आणून मिळत नाही, ती गाडीवरच पारखून घ्यावी लागते.

पारख अशी. फळ उलटे धरून बुडाचा वास घ्या. गोड, स्वच्छ वास हवा. वासच नसेल तर फळ कच्चे काढलेले आहे. आंबूस, दारूसारखा वास असेल तर आत आंबणे सुरू झाले आहे. पिवळेपणा बुडाकडून वर चढतो, तो निदान खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आलेला असावा. मात्र इथिलीन या फळे पिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वायूमुळेही साल पिवळी होते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. डोळे भरलेले व सपाट, आकाराच्या मानाने फळ जड, देठाची कापलेली जागा कोरडी. त्या जागी पांढरी बुरशी किंवा पाणचट मऊपणा असेल तर ते फळ घेऊ नका. काळ्या कुजीची बुरशी देठाच्या कापातून आणि मार लागलेल्या जागेतूनच आत शिरते. शेंड्याचे पान उपटून पाहण्याची पद्धत भरवशाची नाही.

घरी आणलेले पिकलेले फळ बाहेर एक-दोन दिवस राहते, सावलीत आणि हवा खेळेल अशा जागी. ओट्याखाली, सिलिंडरच्या बाजूला ठेवू नये. पावसाळ्यातल्या दमट हवेत एवढाही भरवसा धरू नका. लगेच कापणार नसाल तर पिकलेले फळ तीन-चार दिवस फ्रिजमध्ये चालते. हिरवट फळ मात्र फ्रिजमध्ये टाकू नये. अननस हे उष्ण प्रदेशातले फळ. साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली ते फार दिवस राहिले की त्याला थंडी बाधते, आणि कच्च्या फळाला जास्त. घरचा फ्रिज 4-5 अंशांवर असतो. गंमत वाटेल, पण ही बाधा फ्रिजमध्ये असताना दिसतच नाही. फळ बाहेर काढून एक-दोन दिवस ठेवले की आतल्या दांड्याच्या कडेने गर काचेसारखा पाणचट होतो, मग तपकिरी, शेवटी काळपट. बाहेरून साल निर्दोष. अशा वेळी लोक विक्रेत्याला दोष देतात, पण पुष्कळदा कारण आपल्याच फ्रिजमध्ये असते.

कापण्याआधी अख्खे फळ वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवावे. साबण लावू नये. साल काढूनच टाकायची असली तरी धुणे टाळता येत नाही, कारण सुरी सालीतून गरात जाते आणि सालीवरची माती व जंतू सोबत नेते. मासळी-मटणाची पाटी आणि सुरी वेगळी असावी. ते शक्य नसेल तर फळ आधी कापावे, मासळी नंतर. शेंडा व बूड कापून फळ उभे ठेवावे, साल वरून खाली पातळ काढावी. डोळे तिरक्या रांगेत असतात. रांगेच्या दोन्ही बाजूंनी तिरपी सुरी घालून खाच काढली की गर वाया जात नाही. दीड किलोच्या फळातून खाण्याजोगा गर साधारण निम्मा निघतो, तेव्हा डबा त्या हिशेबाने घ्या.

कापलेल्या फोडी झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवाव्यात. दारातल्या कप्प्याचे तापमान सारखे वरखाली होते. फ्रिज खरोखर थंड आहे का, हे पाहायचे असेल तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी 5 अंश किंवा कमी दिसले पाहिजे. अशा फोडी तीन-चार दिवस चांगल्या राहतात. बाहेर मात्र दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा 32 च्या वर असेल तेव्हा एकच तास. ठाण्यात एप्रिल-मेच्या दुपारी तो त्याच्या वरच असतो. सकाळच्या लोकलने निघून एक वाजता उघडणाऱ्या डब्यात अननस द्यायचा असेल तर सोबत गोठवलेली बर्फाची पिशवी हवी, नाहीतर देऊ नये. ‘आंबट फळ, त्याला काय होतंय’ हा समज खोटा आहे. आंबटपणा पुष्कळ जंतूंना रोखतो, पण यीस्टला तो मानवतो, आणि हातासुरीवरून आलेले काही जंतू त्यातही तग धरतात. फेस, बुळबुळीत फोडी, दारूसारखा वास, झाकण उघडताना सुटणारी हवा, यांपैकी एक जरी दिसले तरी सगळा डबा टाकून द्यावा. मीठ, साखर, चाट मसाला खाताना घाला. आधी घातला तर फोडींचे पाणी सुटते. कापलेले फळ वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई फळाला लागते.

ताज्या अननसात ब्रोमेलिन हे प्रथिने तोडणारे द्रव्य असते. जीभ चुरचुरते त्यात याचा हात असतो. रायते थोड्या वेळाने कडू होते, दुधात घातलेला रस कडवट लागतो, जिलेटिनची जेली लागत नाही, हेही त्याचेच काम. फोडी चांगल्या शिजवून घेतल्या की ते नष्ट होते, गोठवून होत नाही. चायना ग्रास प्रथिन नसल्यामुळे त्याची जेली ताज्या फळानेही लागते. डबाबंद अननस तापवलेला असतो, म्हणून रायत्याला तो सोयीचा.

आता डब्याकडे येते. न उघडलेला डबा कोरड्या, थंड जागी, तारीख पाहून ठेवावा. सिंकखाली ठेवला तर आपल्या दमट हवेत गंज पकडतो. कापडाने पुसून जाणारा वरवरचा गंज चालतो, खोल खड्डे पडलेला नाही. शिवणीवर किंवा काठावर चेपलेला डबा दुकानातच नाकारा. फुगलेला डबा, किंवा दाबल्यावर टक्कन खाली जाऊन पुन्हा वर येणारे झाकण, म्हणजे आत वायू झाला आहे. असा डबा उघडू नये, चाखून तर मुळीच पाहू नये. उघडण्यापूर्वी झाकण आणि ओपनरचे पाते धुऊन पुसा. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा बारीक आवाज ठीक. पाक बाहेर उसळला तर टाकून द्या.

उघडल्यावर मात्र डब्यात एक फोडही ठेवू नये. पितळी पातेल्याची कल्हई गेली की ताक कसे कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. इथे तेच घडते. अननसाच्या डब्याला आतून बहुधा रंगाचा थर नसतो, नुसता कथिलाचा मुलामा असतो; फळाचा फिका रंग आणि चव त्यानेच टिकते. हवाबंद असेपर्यंत हे कथिल अगदी सावकाश विरघळते. झाकण उघडून प्राणवायू आत गेला की वेग वाढतो. दोन-तीन दिवसांनी असा डबा रिकामा करून उजेडात धरा: आतली चकाकी जाऊन भिंत करडी झालेली आणि पाकाच्या पातळीवर काळसर रेघ उमटलेली दिसेल. पाकाला धातूची चव येते. डबाबंद अन्नात कथिलाची कमाल मर्यादा किलोमागे 250 मिलिग्रॅम आहे. फार कथिल पोटात गेले तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते. म्हणून फोडी पाकासकट लगेच काचेच्या बरणीत काढाव्यात. फोडी पाकात बुडालेल्या राहू द्या, चमचा कोरडा आणि धुतलेला असू द्या, बरणीवर तारखेची चिठ्ठी लावा. फ्रिजमध्ये पाच ते सात दिवस निर्धास्त. ॲल्युमिनियमचे आणि कल्हई नसलेले पितळी भांडे दोन्ही अननसांना वर्ज्य.

जास्त दिवस ठेवायचे तर इंचभर फोडी ताटात सुट्या पसरून तीन-चार तास गोठवा, मग पिशवीत भरून हवा दाबून काढा. उणे 18 अंशांवर सहा महिने सहज राहतात. बर्फ वितळताना त्या मऊ पडतात, म्हणून शिरा, सरबत, सासव (मोहरीच्या वाटणातला फळांचा पदार्थ) यांनाच वापराव्यात.

देखभालीसाठी वीज बंद असते त्या दिवशी फ्रिजचे दार उघडू नका. बंद दाराआड थंडावा साधारण चार तास टिकतो. त्यापुढे वीज आली नाही, तर कापलेल्या फोडी आणि उघडलेल्या डब्यातला अननस दोन्ही टाकावेत. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. साली आणि शेंडा त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात जाऊ द्या, नाहीतर रात्रीत चिलटे जमतात.

— फळप्रक्रिया शिकवणारी एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई