कॅलगरीहून अण्णांना: चार टायरांचा हिशेब

कॅलगरी,
८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "चारही नवे कशाला? पुढं दोन नवे टाक, मागं जुने चालव." मी "बरं" म्हणून विषय बदलला. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितोय. सोनू वाचून दाखवेल. आईला बाहेर पाठवून वाचा असं लिहिणार होतो, पण आता तिलाही कळू दे.

तुमचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. पुढे नवे, मागे रिमोल्ड. कराडहून माल भरून कुंभार्ली उतरताना पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. मागे जोडी असते, एक गेला तरी दुसरा गाडी धरून ठेवतो. त्या नियमावर तुम्ही बावीस वर्षं घाट उतरलात आणि दर वेळी घरी आलात. म्हणून मीही इथे तोच पाळला. दोन वर्षांपूर्वी पिकअपला पुढे दोन नवे टायर टाकले, मागे जुने ठेवले. मागच्यांची नक्षी पाच मिलिमीटरवर आली होती. आपल्याकडे अशा टायरला कुणी जुना म्हणणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत कॅनमोरहून काम संपवून परत येत होतो. मागे ट्रेलर, त्यात हत्यारं आणि एका स्वयंपाकघराची उरलेली कपाटं, सगळं मिळून सत्तावीसशे किलो. दुपारी चिनूक वाहत होता. चिनूक म्हणजे डोंगरावरून येणारा गरम वारा. भर थंडीत काही तासांत बर्फाचं पाणी करतो. संध्याकाळी वारा पडला आणि तेच पाणी रस्त्यावर गोठलं. रस्ता ओला दिसत होता, पण होता काचेसारखा. स्कॉट लेक हिलच्या उतारावर मी फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता. गाडीने ओझं ओळखून आपोआप खालचा गिअर घेतला, मागची चाकं इंजिनने रोखली आणि ती सुटली. मागून ट्रेलरने ढकलायला सुरुवात केली. डाव्या आरशात मला ट्रेलरचा मागचा दिवा दिसायला हवा होता, तिथे त्याची अख्खी बाजू दिसली.

डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ असते. ती मी हलकेच दाबली. फक्त ट्रेलरची चाकं धरली गेली, त्याने मागून ओढ दिली आणि दोन्ही गाड्या एका रेषेत आल्या. शेजारच्या लेनमध्ये कुणी नव्हतं. पुढे अर्धा किलोमीटर जाऊन बाजूला थांबलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. तेव्हा घरी सांगितलं नाही, त्याबद्दल माफ करा.

त्यानंतर उन्हाळाभर मी हाच विचार केला. तुमचा नियम चुकीचा नव्हता अण्णा, तो दुसऱ्या धोक्यासाठी होता. तिकडे भीती टायर फुटण्याची: उष्णता, खड्डे, जास्तीचा माल. इथे थंडीत टायर सहसा फुटत नाही, तो सुटतो. आणि सुटताना पुढची दोन चाकं धरून आहेत आणि मागची दोन नाहीत, असं झालं की गाडी पुढच्या चाकांभोवती फिरते. ट्रेलर असेल तर तोच तिला फिरवतो. शिवाय माझ्या पिकअपला मागे जोडी नाही, एकेकच चाक. उलट करून फक्त मागे चांगले टाकले तर गाडी वळणार नाही, थांबणार नाही, कारण ब्रेकचा मोठा भार पुढची चाकंच घेतात. म्हणून चारही, आणि चारही एकाच जातीचे.

आता जात कुठली, यावर दुकानदाराशी तासभर बोललो. टायरच्या बाजूवर एम आणि एस अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती अक्षरं फक्त नक्षीच्या आकारावरून मिळतात, त्यासाठी बर्फावर चालवून बघावं लागत नाही. दुसरी खूण असते तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. ही मिळवायला टायर दाबलेल्या बर्फावर चालवून परीक्षा घेतात, पण ती परीक्षा ओढ किती मिळते याची. काचेसारख्या बर्फावर थांबायला किती अंतर लागतं याची नाही. दुकानदार मला जाड गुट्ट्यांचा, म्हणजे नक्षीचे ठोकळे जाड असलेला, बारमाही, डोंगराची खूण असलेला टायर देत होता. टिकतो जास्त, माल ओढताना डुलत नाही, उन्हाळ्यातही चालतो. तुम्ही असता तर तोच घेतला असता, आणि मागच्या वर्षीपर्यंत मीही घेतला असता. पण मला फेब्रुवारीतली ती संध्याकाळ आठवत होती. त्या दिवशी ओढ कमी पडली नव्हती, पकड सुटली होती. म्हणून खास थंडीचाच टायर घेतला.

खरी गोष्ट रबराची आहे. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. उणे वीसला तर ते फायबरच्या चपलेसारखं होतं, नक्षी कितीही खोल असली तरी. थंडीच्या टायरचं रबरच वेगळं, गारठ्यातही मऊ राहतं. त्याच्या प्रत्येक गुट्टीवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. असल्या चिरांचं पेटंट १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन साइप नावाच्या माणसाने घेतलं. तो कत्तलखान्यात काम करायचा आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्याने बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या होत्या, असं सांगतात. आणि तुम्हाला आवडेल असं एक: खास हिवाळ्यासाठी बनवलेला पहिला टायर १९३४ साली फिनलंडमध्ये आला, तो ट्रकसाठी होता. मोटारींचा नंबर त्यानंतर लागला.

मऊ रबर म्हटल्यावर तुम्ही विचारणार, ओझं झेपेल का? तेच माझंही भय होतं. त्यासाठी एलटी जातीचा घेतला, म्हणजे हलक्या ट्रकचा, आणि लोड रेंज ई. पूर्वी याला दहा प्लायचा म्हणत. आता रेडियलमध्ये दहा थर नसतात, पण ताकदीचं माप तेच राहिलंय. माझं माप २७५/७०आर१८, पुढे १२५ हा आकडा. १२५ म्हणजे ८० पौंड हवेला एका चाकावर १६५० किलो. याच आकाराचे मोटारीचे टायर निम्म्याहून थोड्याच जास्त हवेचे असतात. त्यांच्या भिंती ट्रेलरच्या भाराने मुडपतात आणि गाडी मागून हेलकावे खाते. दारावरच्या पट्टीवर कंपनीने जे माप आणि जी हवा लिहिलीय, त्याखाली जायचं नाही, एवढं मी धरून ठेवलं. टायर दिसायला रुंद घ्यायचाही मोह होता. पण रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, अरुंद टायर त्यातून कापत खाली जातो. म्हणून कंपनीचंच माप ठेवलं.

चारही मिळून सोळाशे डॉलर झाले. लाखाच्या आसपास. हे वाचून तुम्ही पान खाली ठेवाल, मला माहीत आहे. पण एप्रिलअखेर हे काढून जुने बारमाही चढवायचे, ऑक्टोबरात पुन्हा हे, म्हणजे दोन्ही जोड दुप्पट वर्षं चालतात. त्यासाठी डिस्कही वेगळ्या घेतल्या, घरीच जॅक लावून बदलता येतात. नट पान्याने मापात आवळायचे आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा बघायचे, हे मी चुकवत नाही. उन्हाळ्यात हे मऊ टायर चालवले तर गरम डांबरावर खोडरबरासारखे झिजतात आणि ओझ्याखाली गुट्ट्या हलून गाडी लुळी वाटते.

हवेची गोष्ट तुम्हाला खास सांगायचीय. तुम्ही टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा सांगायचात आणि गेज लावल्यावर दोन पौंडांचाही फरक नसायचा. मी इथे ठोकून बघितलं, गारठ्यात आवाजच वेगळा येतो. गरम गॅरेजमध्ये वीस अंशाला ८० पौंड भरली आणि गाडी बाहेर उणे पंचवीसला उभी राहिली, तर सकाळी गेजवर ६५ च्या आसपास येते. कुठेही गळत नाही, फक्त आत हवा आकसते. पण ६५ ला तेवढं ओझं झेपत नाही. म्हणून आता पहाटे, गाडी बाहेर, टायर थंड, तेव्हाच गेज लावायचा.

माझ्या ट्रेलरचे टायर मात्र थंडीचे नाहीत. ते ट्रेलरचेच वेगळे टायर, ओझ्यासाठी बनवलेले, रबर साधं. म्हणून रस्त्यावर बर्फ असला की ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कमी करून ठेवतो, नाहीतर त्याचीच चाकं आधी जाम होतात. ट्रेलर भरतानाही बैलगाडीचाच विचार करतो. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उठतं, तसंच इथे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या दांडीवर, म्हणजे माझ्या ट्रेलरला २७० ते ४०० किलो. कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. जास्त झाला तर पिकअपचं तोंड उचललं जातं आणि ज्या पुढच्या चाकांनी वळायचं, त्यांच्यावरच वजन राहत नाही. जड कपाटं आता ट्रेलरच्या आसाच्या जरा पुढे बांधतो आणि दांडीखाली काटा ठेवून बघतो.

"ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर", हे तुमचं वाक्यही मी इथे थोडं बदललंय. कोरड्या रस्त्यावर ते खरंच. पण बर्फावर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर पडतो, आणि स्कॉट लेकला तेच झालं. आता उतार यायच्या आधीच वेग पाडतो, चारही चाकांना इंजिन जोडतो, मग उतरतो.

सोमवारी पहाटे रेव्हेलस्टोकला निघायचंय, चारशे किलोमीटर. आपल्या अल्बर्टात थंडीच्या टायरची सक्ती नाही, पण किकिंग हॉर्स खिंडीत हद्द ओलांडली की ब्रिटिश कोलंबिया हा शेजारचा प्रांत लागतो. तिथे घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल सक्ती, नक्षी किमान साडेतीन मिलिमीटर. पुढे रॉजर्स पास, १३३० मीटर. तिथे डोंगरावर बर्फ साठला की लष्कराचे लोक तोफेचे गोळे डागून तो मुद्दाम खाली पाडतात, आणि तेवढा वेळ रस्ता बंद असतो. एकदा त्या रांगेत उभं राहून मी तो आवाज ऐकलाय. तुम्हाला एकदा या रस्त्याने शेजारच्या सीटवर बसवून न्यायचंय, पण जुलैत.

पोचलो की फोन करीन, तुमच्याकडे मंगळवारची सकाळ असेल.

आणखी एक. सोनूने दादाच्या पिकअपचे फोटो पाठवले, त्यात स्टेपनी दिसली. मी मोठी करून बघितली. डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे आहेत, १८१६. म्हणजे २०१६ सालातल्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नव्यासारखी आहे कारण तो कधी रस्त्यावर लागलाच नाही, पण रबर साडेनऊ वर्षांचं आहे आणि बाजूला बारीक भेगा दिसतात. हंगाम सुरू झालाय, दादा रात्री-अपरात्री कारखान्यावर जातो, ती स्टेपनी आधी बदलायला सांगा. पैसे मी पाठवतो. मी लिहिलंय म्हणू नका. तुम्ही स्वतः बघितलंत म्हणून सांगा, म्हणजे तो ऐकेल. बाकीच्या चार टायरांचे आकडे सोनूला वाचून लिहून पाठवायला सांगा.

आईला नमस्कार. तिचं गुडघ्याचं औषध संपायच्या आत कळवा.

आपला,
संजू