कन्फर्मेशनच्या वर्गाच्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मुलांचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी जाणत्या वयात आपला विश्वास स्वतः कबूल करणं) झालं की चर्चच्या मंडळीत आभार पाळकसाहेबांचे मानले जातात, फोटोही त्यांच्याबरोबर निघतात. वर्ग चालवणारी व्यक्ती तेव्हा मागे खुर्च्या लावत असते. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

माझ्या मुलीला वर्गाला यायचंच नव्हतं, आणि कारण आळसाचं नव्हतं. "मी तान्ही असताना बाप्तिस्मा दिलात, मला विचारलं होतंत का?" असा तिचा सवाल. घरात त्याला 'रीत आहे' यापलीकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही तिला गप्प बसवलं नाहीत. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्यांनी सोळाव्या शतकात युरोपातल्या चर्चच्या सुधारकांना हेच विचारलं होतं, असं सांगितलंत. १५३९ साली जर्मनीतल्या हेसेमध्ये त्या सुधारकांपैकी मार्टिन बुत्सर यांनी मुलांनी शिकून मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायची पद्धत घालून दिली, त्यामागे या टीकेचाही रेटा होता. आपण ज्या शंकेवरून वर्ग टाळत होतो तिच्यातूनच असे वर्ग निघाले, हे ऐकून आमची लेक जरा वरमली! मग तुम्ही मार्टिन लूथरचं, ज्याच्या शिकवणीवर आपली मंडळी चालते त्या सुधारकाचं, म्हणणं समजावलंत. बाप्तिस्मा ही देवानं दिलेली देणगी आहे, तिच्यात काही उणं नाही, दृढीकरणानं ती पुरी करायची नसते. लूथरनं दृढीकरणाला बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेणं) या संस्कारांच्या पंक्तीत बसवलं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील आणि धर्ममातापिता तुझ्या वतीनं बोलले, आता तू बोल, एवढंच.

आणि हे नुसतं सांगून थांबला नाहीत. डेन्मार्क-नॉर्वेत १७३६ साली दृढीकरण कायद्यानं सक्तीचं झालं, त्यावाचून लग्नही लागत नसे, हा इतिहास मुलांना सांगून तुम्ही पालकांना बजावलंत, की तारीख ठरली म्हणून कुणालाही वेदीपुढे उभं करणार नाही. काही पालक नाराज झाले. मला मात्र त्या दिवशी तुमच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

पाठांतर मात्र सोडलं नाहीत, हे बरं केलंत. हल्ली पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे. लूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली मुलांनी पाठ केली, पण तिच्यातला 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न तुम्ही दर वेळी खरोखरच विचारलात. खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांपैकी आपल्या लूथरन गणतीतली आठवी आज्ञा (इतर बऱ्याच मंडळ्यांत ती नववी). तिचा अर्थ सांगताना लूथर नुसती निंदा करू नका म्हणत नाही; शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याविषयी चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा, असंही म्हणतो. तुम्ही विचारलंत, "मग ग्रुपवर कुणाचा स्क्रीनशॉट फिरतोय, तेव्हा तुम्ही काय करता?" त्या आठवड्यात आमच्या घरी या आज्ञेवर जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्याच उपदेशावर झालेली नाही. मुलगी एका ग्रुपमधून बाहेर पडली. दुसऱ्यात मात्र थांबली, त्या मुलीची बाजू घ्यायला. यातलं अवघड काय, हे तिनंच मला सांगितलं.

दृढीकरण म्हणजे चर्चमधून पास होऊन सुटका, असं समजून मुलं नंतर दिसेनाशी होतात. तुम्ही ती वाट आधीच बंद केलीत. वर्ग चालू असतानाच त्यांना शास्त्रवाचन दिलंत, आजारी वडीलधाऱ्यांकडे पाठवलंत, मंडळीच्या सभेत बसवलंत. सभा कंटाळवाणी होती म्हणे. असणारच! पण छताच्या दुरुस्तीवर मुलं बोलली आणि वडीलमंडळींनी ऐकून घेतलं.

पुढच्या वर्गाला मदतीला येऊ का, असं ती तुम्हाला विचारणार आहे. मी सुचवलेलं नाही. हो म्हणण्याआधी तिला आठवी आज्ञा अर्थासह म्हणायला लावा. शेवटचं वाक्य अजून गाळते.

तुमची आभारी,
वर्गातल्या एका मुलीची आई