कपड्यांवरून गोष्ट ओळखणं हा रिकामा उद्योग नाही

प्रति,
संपादक, वाचकांची पत्रे

महोदय,

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या चाहत्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेलं टिपण वाचलं. पुढच्या भागात बिली पायपर ही नटी कोण म्हणून येणार, अंगात काय घालणार, यावर महिनोन् महिने डोकं चालवणाऱ्या माणसांना दुसरा कामधंदा नाही, असा त्याचा सूर होता. मी 31 वर्षं मुलींना शिवण शिकवलं आणि ही मालिका गेली पंधरा वर्षं मन लावून पाहते आहे. तो सूर मला लागला, म्हणून लिहिते.

2010 साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी कार्डिफला होते. ही मालिका त्याच शहरात तयार होते, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घरोघरी तीच लावलेली असायची. 1 मे रोजी दाखवलेल्या भागात दगडी देवदूतांच्या तावडीतून निसटताना काळात मागेपुढे फिरणाऱ्या नायकाचा, म्हणजे डॉक्टरचा, कोट एका देवदूताच्या मुठीत अडकतो. तो कोट तिथेच सोडून डॉक्टर पळतो आणि पुढे नुसत्या शर्टात, बाह्या दुमडून वावरतो. नंतर जंगलात डोळे मिटून बसलेल्या एमीचा, म्हणजे आपल्या सोबतिणीचा, निरोप घेऊन तो जातो, आणि लगेच परत येऊन तिचा हात हातात घेतो. बोलणं एकदम हळवं झालेलं. माझं लक्ष मात्र त्याच्या मनगटाकडे गेलं. तिथे ट्वीडची बाही होती. कोट तर मघाशीच गेला होता!

मी तसं म्हणताच जावई म्हणाले, “चूक झाली असेल हो आई, शूटिंगमध्ये होतं असं.” माझं मन मानेना. नटाच्या अंगावर कुठल्या प्रसंगात काय होतं, बाही किती दुमडलेली होती, याचे फोटो काढून नोंद ठेवणारी माणसं सेटवर असतात. एखादं बटण निसटेल त्यांच्या नजरेतून, अख्खा कोट कसा निसटेल? मुलीच्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा राहायचा, त्यालाही तेच दिसलं होतं. त्याचा तर्क असा की हा डॉक्टर पुढच्या काळातून मागे आलेला आहे. 26 जूनला हंगामाचा शेवटचा भाग लागला आणि तो तर्क खरा ठरला. स्वतःच्याच आयुष्याची रीळ उलटी फिरत असताना डॉक्टर त्या जंगलात पोचलेला असतो, कोट घालून. लेखक स्टीव्हन मोफॅट यांनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती बाही आठ आठवडे आधी ठेवून दिली होती. तिच्यावर बोलणारी माणसं वेळ घालवत नव्हती, गोष्ट वाचत होती.

या मालिकेत कपड्याला एवढं महत्त्व का, हे ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 23 नोव्हेंबर 1963 ला ती सुरू झाली (पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन आपल्या लखनौचे). डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, आणि 1966 पासून या युक्तीने एकामागून एक नट ही भूमिका करत आले. चेहरा नवा, आवाज नवा, वागणंही नवं. अशा वेळी प्रेक्षकाच्या हाती आधी लागतं ते कापड. म्हणून नव्या पोशाखाचं पहिलं छायाचित्र आलं की चाहते त्याचा धागा न् धागा तपासतात.

डॉक्टर साकारणाऱ्या टॉम बेकर यांचा मफलर घ्या. 1974 साली वेशभूषाकार जेम्स अॅचेसन यांनी बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंकडे भरपूर रंगांची लोकर दिली. त्यातली हवी तेवढी वापरायची होती, बाईंनी सगळीच विणून टाकली. गळ्याला दोन वेढे देऊनही पायाशी लोळणारा तो मफलर त्या डॉक्टरची ओळख झाला. (पुढे अॅचेसन यांना वेशभूषेची तीन ऑस्कर मिळाली.) 1980 मध्ये वेशभूषाकार जून हडसन यांनी तो गडद लालसर जांभळ्या रंगात नव्याने बेतला. इतकी वर्षं सात रंगांत खेळणारा माणूस एकाच काळपट रंगात आला. ज्यांना रंग वाचता येतो त्यांना काहीतरी संपत आल्याचं त्यातच दिसलं असेल. मार्च 1981 मध्ये त्यांचा डॉक्टर गेला.

त्यांच्या नंतरचे पीटर डेव्हिसन क्रिकेटपटूच्या वेशात आले, कोटाच्या कॉलरला चक्क सेलरी नावाच्या भाजीचा देठ टाचलेला! तो कशासाठी, हे दोन वर्षं कोणी सांगितलं नाही. 1984 मध्ये त्यांच्या शेवटच्या कथेत उलगडा झाला. या डॉक्टरला काही वायू सोसत नाहीत, आणि ते हवेत असले की सेलरी जांभळी पडते. शिकवत असते तर ही गोष्ट मी वर्गात नक्की सांगितली असती. कपड्यावरची वस्तू शोभेला लावलेली दिसली तरी ती कशासाठी आहे हे विचारावं.

तर्क चुकतातही, माझाही चुकला. ऑक्टोबर 2022 मध्ये जोडी व्हिटेकर या नटीचा डॉक्टर बदलून डेव्हिड टेनंट हे नट आले, तेव्हा शरीराबरोबर कपडेही बदलले. असं 1966 च्या पहिल्या बदलानंतर घडलंच नव्हतं. आम्ही सगळे म्हणालो, यात मोठं रहस्य दडलंय. पण लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी नंतर कारण सांगितलं ते कथेबाहेरचं होतं. बाईचे कपडे घातलेला पुरुष म्हणून त्या चित्राची टवाळी होऊ नये, एवढीच काळजी. मला ती पटली. रहस्य नव्हतं म्हणून शोध वाया गेला असं मला वाटत नाही. त्या निमित्ताने 1966 चे जुने प्रसंग पुन्हा पाहिले गेले. त्या काळातले कितीतरी भाग बीबीसीनेच पुसून टाकले होते, आणि घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज धरून ठेवणाऱ्या चाहत्यांमुळे ते आज निदान ऐकता तरी येतात. ही माणसं नुसता वेळ घालवत होती असं कसं म्हणायचं?

आता बिली पायपर यांच्याबद्दल. 31 मे 2025 ला शूटी गाटवा यांचा डॉक्टर गेला आणि समोर पायपर यांचा चेहरा आला. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे ‘डॉक्टर’ असं लिहिलेलं नव्हतं, इतकंच की यांची ओळख करून देत आहोत. 2005 मध्ये याच नटीने डॉक्टरची सोबतीण रोझ टायलर साकारली होती, युद्धकाळातल्या लंडनवर फुग्याला लोंबकळणारी, छातीवर युनियन जॅकचा टी-शर्ट. 2013 मध्ये त्या फाटक्यातुटक्या वस्त्रांत आल्या तेव्हा मात्र त्या रोझ नव्हत्या, रोझचं रूप घेतलेलं एक अस्त्र होत्या. एकच चेहरा, दोन भूमिका, आणि फरक कळला तो आधी कपड्यांवरून. मग तिसऱ्यांदा त्या काय घालून येतील, हा प्रश्न पोरकट कसा?

माझी खरी तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या 1 जूनच्या सकाळी आपल्याच संकेतस्थळाच्या मथळ्यात तो शेवट नावासकट, फोटोसकट छापलेला होता. मी भाग संध्याकाळी पाहणार होते. अंदाज बांधणारा माणूस दाखवलं तेवढ्यावरूनच बोलतो, आणि न पाहिलेल्याचं काही हिरावून घेत नाही. मथळ्याने ते हिरावलं. रविवारच्या टिपणात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

2026 च्या नाताळात डेव्हिस यांनी लिहिलेला विशेष भाग येणार असल्याचं बीबीसीने जाहीर केलं आहे. ज्याच्या जन्मासाठी मी कार्डिफला गेले तो नातू आता स्वतः चित्रं काढतो. पायपर यांच्यासाठी त्याने तीन पोशाख काढून मला पाठवलेत, एकाच्या कोटाचं अस्तर मी सुचवल्याप्रमाणे गुलाबी आहे. मी म्हणते त्या डॉक्टर नाहीत, तो म्हणतो आहेत. दोघांचे अंदाज तारीख घालून वहीत लिहिले आहेत. बातमी आपण जरूर द्या, पण मथळ्यात आणि पहिल्या फोटोत शेवट देऊ नका, निदान दोन दिवस तरी. एवढी विनंती मान्य व्हावी.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, सातारा